आपलं ताट कोरडं होत चाललंय : पन्नास वर्षांतला बदल, घरच्या वजनकाट्यावर

भीमाकाठ

मागच्या महिन्यात गावाकडच्या घराचं माळवद उतरवलं. पत्र्याच्या पेटीत आईची १९७४ सालची घरखर्चाची वही निघाली. तेव्हा आम्ही घरात नऊ माणसं खाणारी. एका महिन्याच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय : 'करडई तेल २ किलो'. पुढच्या महिन्यात तेवढंच. श्रावणात अडीच. दोन किलो नऊ जणांत वाटले तर माणशी रोज साडेसात ग्रॅमसुद्धा होत नाही, म्हणजे दीड चमचा. आज माझ्या घरात चार माणसं आहेत आणि पाच लिटरचा कॅन महिनाभरात संपतो. माणशी जवळपास ३८ ग्रॅम. पाचपट. तरी आम्ही 'तळकट न खाणारे' म्हणून नातेवाइकांत ओळखले जातो.

त्या वहीनं मला झोपू दिलं नाही. मग स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला आणि तीन आठवडे घरात शिजेल ते मोजत गेलो.

मला जे मोजायचं होतं त्याला ऊर्जा घनता म्हणतात. शंभर ग्रॅम खाल्लं तर पोटात किती कॅलरी गेल्या, एवढंच. एक ग्रॅम तेलातुपात ९ कॅलरी, पिठात, साखरेत, डाळीतल्या प्रथिनांत साधारण ४, पाण्यात शून्य. म्हणून एखादा पदार्थ जड की हलका हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : त्यात पाणी किती आणि तेल किती. काकडीत शंभर ग्रॅमला १५ कॅलरी, शिजलेल्या भातात १३०, बिस्किटांत साडेचारशेच्या वर, शेवेत साडेपाचशे, तेलात ९००.

आता भाकरी. सत्तर ग्रॅम ज्वारीचं पीठ, जवळपास तेवढंच आधणाचं पाणी, थापताना लागलं ते वेगळं. तव्यावरून उतरून, विस्तवावर फुगवून काट्यावर ठेवली तर ११८ ग्रॅम भरली. म्हणजे शंभर ग्रॅमला दोनशेच्या आसपास कॅलरी. चपाती आमच्याकडे ४२ ग्रॅमची होते. आत तेलाचं बोट, वरून तेलाचा हात. शंभर ग्रॅमला तीनशे. धान्याधान्यात फारसा फरक नाही. फरक भाकरीनं धरून ठेवलेल्या पाण्याचा आणि चपातीला लावलेल्या तेलाचा आहे.

मग दोन जेवणं शेजारी शेजारी मांडली. पहिलं आईच्या काळचं : दीड भाकरी, वाटीभर पातळ आमटी, मेथीची भाजी, चिमूटभर शेंगाचटणी आणि भाकरीवर ओतून कुस्करलेलं ताक. वजन ६७० ग्रॅम, कॅलरी साधारण ६७०. दुसरं आमच्या घरातलं परवाचंच : चार चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, तोंडी लावायला मूठभर शेव. वजन ३२८ ग्रॅम, कॅलरी ८६५. निम्म्या वजनात दोनशे कॅलरी जास्त. उठताना मी म्हणालो होतो, आज जरा कमीच जेवलो.

आमच्या भागात भाकरीबरोबर जे कालवून खायचं त्याला 'कोरड्यास' म्हणतात. आई चुलीपुढून विचारायची, कोरड्यास काय करू? म्हणजे कोरड्या भाकरीला ओलं करायला काय हवं. तो शब्द माझ्या सुनेला ठाऊक नाही. तिचा दोष नाही, ती वस्तूच ताटातून गेली.

तुमच्याकडे काय काय गेलं आणि काय आलं, लिहा. जमलं तर वजनासकट.

दर्याकिनारा

काका, धागा वाचून पेज आठवली. मालवणात आजी सकाळी दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज द्यायची. खाली चार शितं, वर निवळ, बरोबर खाराची कैरी नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. बाबा ती पिऊन भर दुपारपर्यंत काम करायचे. गोव्यात माझ्या मावशीकडेही हीच वेळ, हीच पेज. आता त्याच वेळेला आमच्याकडे चहाबरोबर खारी आणि बटर असतं. खारीचं पाकीट उलटं करून वाचलं तर शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर.

निवृत्त_मास्तर

भीमाकाठ, तुमच्या वहीला देशाच्या आकड्यांची जोड देतो. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हे आकडे पाठ आहेत.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९७२-७३ साली ग्रामीण भारतात माणशी रोज सरासरी २२६६ कॅलरी आणि २४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ पोटात जात. २०२३-२४ च्या पाहणीत कॅलरी २२१२, पण स्निग्ध पदार्थ सुमारे ६०. शहरांत तेव्हा ३६ ग्रॅम होते, आता सुमारे ७०.

हे दोन आकडे एकत्र वाचा. एकूण कॅलरी जागच्या जागी आहेत, किंबहुना किंचित उतरल्या आहेत. पण पूर्वी त्यातला दहावा हिस्सा स्निग्ध पदार्थांतून यायचा, आता जवळजवळ चौथा. धान्य त्याच प्रमाणात घटलं. १९७२-७३ ला ग्रामीण माणूस महिन्याला १५ किलोच्या वर धान्य खायचा, २००४-०५ पर्यंत तो १२ किलोवर आला. हे वजन कच्च्या धान्याचं. शिजताना प्रत्येक किलो धान्य आपल्यासोबत पाणी घेऊन ताटात येतं. तेल येताना पाण्याचा थेंबही आणत नाही. तेव्हा आपलं जेवण कॅलरीनं वाढलं नाही, वजनानं आणि आकारमानानं आटलं.

पुण्यात कॅलरीवरून मोठा वाद झाला होता, तोही इथे सांगण्याजोगा आहे. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली गरिबीचं मोजमाप रोजच्या २२५० कॅलरींशी बांधलं. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतून परतल्यावर म्हणू लागले की माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, एकच रेघ मारून खालच्या सगळ्यांना भुकेले ठरवता येणार नाही. दांडेकरांनी ते मानलं नाही. दोघांनाही मी ऐकलं आहे. दोघांच्याही बोलण्यात भुकेल्या माणसाची खरी काळजी होती. पण त्या सगळ्या वादात कॅलरी किती हाच प्रश्न होता. कॅलरी कशातून येतात हे विचारायची वेळ देशावर तेव्हा आली नव्हती.

नाशिकची_राधा

एक शंका. वहीत फक्त विकतचं तेल आहे. तुमच्याकडे शेतात शेंगा होत्या ना? मग कूट, चटणी, शेंगदाण्याची आमटी यातलं तेल कुठे लिहिलं जाणार? घरी म्हैस असेल तर लोणी-तूपही वहीबाहेरचंच. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं.

भीमाकाठ

राधाताई, अगदी बरोबर पकडलंत. शेंगा घरच्या होत्या. सुगीनंतर दोन पोती ठेवत. म्हशी दोन होत्या, पण दूध डेअरीला जायचं, तूप सणापुरतं. माझा पाचपटीचा आकडा त्यामुळे खाली येईल, कदाचित अडीच-तीनपटीवर. पण एक सांगतो, ते कूट जायचं कशात? पातळ आमटीत. एक मूठ कूट आणि तांब्याभर पाणी. दाणे जड आहेत, पण ते ज्या पातेल्यात पडत ते पातेलं हलकं होतं. आज आम्ही तेच दाणे मसाला लावून, तळून, टीव्हीपुढे खातो.

शेवभाजीवाला

जुनं सगळं हलकं होतं असं नका म्हणू. आमच्या खानदेशात वांग्याच्या भरिताला तेलाचा हात कधीच आखडता नव्हता. पुऱ्या, भरीत, वर तेलाचा तवंग. शेवभाजीही काही आज निघालेली नाही.

पण आठवून पाहिलं तर भरीत-पार्टी म्हणजे हिवाळ्यातले दोन-चार दिवस. इतर दिवशी कळण्याची भाकरी, ठेचा आणि दाण्याची नाहीतर उडदाची पातळ आमटी. आता ढाब्यावर वर्षभर भरीत मिळतं. सणाचं जेवण रोजचं झालं, एवढं मी मान्य करतो.

गिरगावची_माई

माझं वय ७८. तेलाबद्दल तुम्ही तरुण मंडळी सहज बोलता, म्हणून लिहिते. १९७२-७३ च्या सुमाराला मुंबईत तेल मिळत नव्हतं. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर आम्ही लाटणं घेऊन मोर्चाला गेलो ते तेल, साखर, धान्य यांसाठीच. मी कडेवर मुलगा घेऊन गेले होते. पुढे रेशनवर पामतेल आलं. दिवाळीच्या आधी रांग लावायची, घरातल्या कार्डावर जेवढं मिळेल तेवढ्यात चकल्या. थंडीत डब्यात गोठायचं, पांढरं दिसायचं. त्याला आम्ही नाकं मुरडली, पण मुलांच्या तोंडात फराळ पडला तो त्याच्यामुळे.

तेव्हा तेल वाढलं याचं मला वाईट वाटत नाही. कमी तेल खायचो ते शहाणपणानं नव्हे, मिळत नव्हतं म्हणून.

भीमाकाठ

माई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे लोक खडी फोडायला गेले, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना तुटायची. आईनं ती वर्षं पाहिली होती, म्हणून तर दीड चमच्याचा हिशेब ठेवला. त्या टंचाईचं गुणगान करायला मी बसलो नाही, ते दिवस कुणावर येऊ नयेत. मला शोधायचंय ते एवढंच की टंचाई गेल्यावर ताटातलं पाणीही का गेलं? तेल येताना आमटीनं का जावं?

चाकण_सेकंड_शिफ्ट

याचं उत्तर माझ्याकडे आहे. डबा.

मी आणि बायको दोघंही कारखान्यात. ती पहाटे साडेचारला उठते. भाकरी एकेक थापावी लागते आणि दुपारपर्यंत ती कडक होते. चपात्या भराभर लाटून होतात, तेल लावलं की मऊ राहतात, गुंडाळून बसतात. पातळ भाजी बसमध्ये सांडते, एकदा सांडली की आख्खी बॅग वासानं महिनाभर ओळखू येते. म्हणून सुकी भाजी. सुकी भाजी घशाखाली उतरावी म्हणून तेल जरा जास्त. ताक उन्हाळ्यात आंबतं. हे कुणी ठरवून केलेलं नाही. माझ्या आईचं जेवण शेताच्या बांधावर घरून कुणीतरी आणून द्यायचं, कासंडीत ताक असायचं. आम्हाला आणून देणारं कुणी नाही.

कँटीनमध्ये ब्रेक वीस मिनिटांचा. त्यात मिळतं ते समोसा, ब्रेडपॅटिस, फरसाण. तेच लवकर वाढता येतं.

थेम्सकाठ

चाकणभाऊंचा मुद्दा दुकानालाही लागू आहे. ओलं अन्न टिकत नाही, सांडतं, वाहतुकीला जड. कोरडं आणि तेलकट अन्न महिनोन्महिने फळीवर राहतं. बाजारात पाकिटातून जे विकता येतं ते म्हणूनच नेमकं घन, म्हणजे थोड्या वजनात जास्त कॅलरीचं असतं. पेज कुणी पाकिटात घालून टपरीवर लटकवत नाही.

मी गेली वीस वर्षं लंडनजवळ राहतो, आहारशास्त्राशी कामामुळे संबंध येतो. जागतिक कर्करोग संशोधन निधीनं २००७ च्या अहवालात लोकसंख्येसाठी सरासरी ध्येय दिलं होतं : पेयं सोडून, शंभर ग्रॅम अन्नाला १२५ कॅलरी. आणि २२५ ते २७५ च्या वरचं अन्न त्यांनी 'घन' मानलं. काकांचं दुसरं ताट २६४ वर आहे. एखादा पदार्थ नव्हे, आख्खं जेवणच त्या पट्ट्यात गेलं. पहिलं ताट शंभरावर आहे, पण ताक पेय धरून वगळलं तर १३० होतं. अशा तुलना करताना पेयं धरायची की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यानं आकडे खूप हलतात. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याचा आहार चहा धरला तर कागदावर एकदम 'हलका' दिसतो, साखर असूनही.

अभ्या_७४

मग मी शेव खाऊन वर दोन पेले पाणी प्यालो तर? वजन तेच झालं की. हे मनापासून विचारतोय.

थेम्सकाठ

चांगला प्रश्न, आणि त्यावर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी २४ स्त्रियांना जेवणाआधी एकच पदार्थ तीन तऱ्हेनं दिला : कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ नुसता, तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी, आणि तेच पाणी आत घालून केलेलं सूप. घटक तेच, पाणी तेवढंच. सूप घेतलेल्या दिवशी पुढचं जेवण लक्षणीय कमी गेलं. नुसत्या पेल्यातल्या पाण्यानं तसा फरक पडला नाही. १९९९ सालचा हा प्रयोग.

त्याआधी त्यांच्याच गटाला असंही दिसलं होतं की एकाच पदार्थातलं भाजीचं प्रमाण बदलून तो हलका किंवा घन केला, तरी बायका रोज साधारण तेवढ्याच वजनाचं खातात. आपला हात वजनाला सरावलेला असतो. काका ३२८ ग्रॅमवर उठले तेव्हा 'कमी जेवलो' वाटलं, ते त्यामुळेच.

म्हणजे आमटीतलं पाणी आणि तांब्यातलं पाणी पोटाला एक नाही.

दर्याकिनारा

हे वाचून आजीच्या पेजेसाठी डोळ्यांत पाणी आलं. खरंच.

वैद्यकीय_सल्ला_नव्हे

जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. धागा फार चांगला चाललाय, पण एक गोष्ट सुटू नये म्हणून कळकळीनं लिहितो.

हलकं ताट सगळ्यांना हिताचं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २३ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या निघाल्या आणि सुमारे २१ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक. एकाच राज्यात, कधी एकाच घरात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, क्षयाच्या रुग्णाला, दात गेलेल्या आणि चार घासांत पोट भरणाऱ्या आजोबांना पातळ आमटी पाजून त्यांची उपासमार करू नका. त्यांच्या चार घासांत तूप, दाण्याचं कूट, दूध, अंडं जायलाच हवं. मी स्वतः अशा एका घरात गेलो होतो. मुलानं इंटरनेटवर वाचून वडिलांचं तेल-तूप बंद केलं होतं. ऐंशीचे गृहस्थ, तीन महिन्यांत सहा किलो उतरले. सुनेला सांगितलं, आजपासून यांच्या मऊ भातावर दोन चमचे तूप. हळूहळू सावरले.

दुसरं, नुसतं वजनकाट्यावर उभं राहून समाधान मानू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी यांचं जोडचित्र २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं. उंचीच्या हिशेबात वजन दोघांचंही सारखं, निर्देशांक (बीएमआय) २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो म्हणून रोजची शेव आपल्याला चालते, असं नाही.

नाशिकची_राधा

डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सासूबाईंची भाकरी आम्ही दुधात कुस्करतो, त्यात आता साय ठेवीन.

चाकणभाऊ, वहिनींसाठी लिहिते. आमटी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी नुसती उकळी. रबरी कड असलेला, खिटीचा स्टीलचा डबा मिळतो, सांडत नाही. आणि हे काम त्यांनीच का करायचं? रात्रीची आमटी तुम्ही करा. ताट ओलं ठेवायचं तर घरात कुणालातरी वेळ द्यावा लागतो, आणि इतकी वर्षं तो फुकट धरला गेला. मला या सगळ्या धाग्यात हे सर्वांत मोठं वाटतं.

निवृत्त_मास्तर

राधाताईंशी पूर्ण सहमत. आणि एक भर. सगळं स्निग्ध वाढलं ते तेलामुळेच असं नाही, दुधाचाही वाटा आहे. दूध महापूर योजना १९७० ला सुरू झाली, त्याची फळं आपण खातो आहोत. तेलाच्या बाजूला १९९४-९५ मध्ये खाद्यतेलाची आयात खुली झाली, हे वळण मोठं. तिथून पुढे तेल गरिबाच्या घरातली स्वस्त कॅलरी होत गेलं. भाजी मात्र महागच राहिली. मंडईत पालकाची जुडी आणि वडापाव यांची किंमत शेजारी मांडून बघा, मजुरानं काय घ्यावं हे मला तरी सांगवत नाही.

चाकण_सेकंड_शिफ्ट

तीन आठवड्यांनी परत आलोय. राधाताई, खिटीचा डबा घेतला. रात्री शिफ्टवरून आल्यावर आमटी मी करतो, अजून मुलगा नाक मुरडतो. चपात्या चारच्या दोन केल्या, त्याबरोबर अर्धा लिटरच्या डब्यातलं कालवण पूर्ण संपवतो. वजन केलं, जेवण ६१० ग्रॅम भरतं. चार वाजता समोशाच्या रांगेत जायचो तो या आठवड्यात एकदाच गेलो. लाइनवरच्या दोघांनी डबा कुठून घेतला ते विचारलं.

मुगाची, तुरीची करून झाली. आता मटकीची करायचीय. भीमाकाठकाका, तुमच्याकडे पातळ करताना कूट किती घालतात? माझं एकतर घट्ट होतं नाहीतर नुसतं पाणी.

भीमाकाठ

चार माणसांना एक मूठ, भाजून जाडसर. मटकी शिजली की पळीभर बाहेर काढून वाटायची आणि परत सोडायची, त्यानं पाणी वेगळं राहत नाही. फोडणीला एक चमचा तेल पुरतं, लसूण जास्त. वरून गरम पाणीच घालायचं, गार नाही. आणि उतरवताना आमसुलाची दोन टरफलं.